कुसाबाईचा कोंबडा

पेठहून आलेल्या जीपमधून कुसाबाई उतरली, ती एका काखेत काळा कोंबडा आणि दुसऱ्या हाताला नात पायल घेऊन. नाशिकच्या शरणपूर भागातल्या त्या लहानशा चर्चमध्ये रविवारची उपासना चालू होती. मायलेकी बसाव्यात तशा दोघी शेवटच्या बाकावर चिकटून बसल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले आणि कोंबड्याने नेमकी तेव्हाच खणखणीत बांग दिली. सगळीकडे खसखस पिकली. कुसाबाई मात्र घामाघूम झाली होती.

तिला हसू यावं असं काही घडलंच नव्हतं. पावसाळ्यात पायलचा ताप डोक्यात गेला, पोर नाशिकच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून राहिली, आणि तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली कुणी, तर भागुबाईने! याच चर्चमधली ही निवृत्त नर्स पूर्वी औषधं आणि येशूच्या गोष्टी घेऊन पाड्यावर आली होती, तेव्हा कुसाबाईने तिच्यावर कुत्रा सोडला होता. बिचारीची साडी फाटली, पोटरीला दात लागले. आता त्याच बाईच्या देवाने पोर उठवली आणि कुसाबाईने त्याला अजून काही म्हणजे काही वाहिलं नव्हतं. देवाचं राहून गेलं तर तो दिलेलं परत नेतो, ही तिची पक्की समजूत. त्या धास्तीने ती पोरीचं कपाळ सारखं चाचपून बघायची.

उपासना संपताच तिने कोंबडा पाळकसाहेबांपुढे धरला.

"घ्या. लय उशीर झालाय, पन पोरीला परत नेऊ नको म्हनावं त्याला."

"बाई, इथं कोंबडा वाहत नाहीत," पाळकसाहेब गडबडून म्हणाले.

"कमी पडतो व्हय? बोकड आनते!"

भागुबाई पुढे आली. तिने कुसाबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुसाबाई, बळी द्यायचा होता तो देवानंच दिला. स्वतःचा लेक, येशू, क्रुसावर दिला. आता तुझ्याकडून काही नको."

कुसाबाईला आधी रागच आला. शेजारणीने वाटीभर भाजी दिली तरी ती वाटी रिकामी परत करत नसे, आणि इथे अख्खी नात फुकट?

"असं कसं? मी तर तुझ्यावर कुत्रा सोडला व्हता!"

"सोडला होतास. पोटरीवर खूण आहे अजून." भागुबाई हसली. "अगं, तू चांगली वागलीस म्हणून त्यानं दिलं असतं, तर तू चुकलीस की परत नेलं असतं. तसं नाहीच मुळी. म्हणून तर आम्ही त्याला कृपा म्हणतो."

कुसाबाईचा बांध फुटला. चारचौघांत, पाळकसाहेबांसमोर, ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता हात जोडायला गेली, तशी हातातली पकड सुटली. कोंबडा फडफडत थेट अंगणात.

"आजी, धरते मी!" म्हणत पायल त्याच्यामागे सुटली.

कुसाबाई दाराकडे धावली. आजारापासून तिने पोरीला पळू म्हणून दिलं नव्हतं. 'थांब, पडशील!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. उन्हात पायल खिदळत गरगर फिरत होती, गाल लालबुंद झाले होते. कुसाबाईने पदराने डोळे पुसले आणि डोंगर घुमेल अशा आवाजात ओरडली,

"पळ गं माझे बाय, पळ!"