एक वाक्य, एक स्क्रू

पहिलं वाक्य मी मोठ्याने, स्पष्ट वाचलं आणि थांबले.

“पुढे वाचा,” टेबलापलीकडच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या.

मी दुसरं वाक्य वाचलं. पुन्हा थांबले. बाईंच्या शेजारी बसलेल्या टक्कलवाल्या सरांनी कागदावर काहीतरी टिपलं. ते चांगलं नव्हतं, हे समोरून उलटं दिसत असूनही कळत होतं.

आमच्या विद्यापीठातून दरवर्षी दोघांना वर्षभर परदेशी शिकायला पाठवतात. त्याची ही तोंडी परीक्षा होती. बाहेर बाकावर सव्वीस जण बसले होते आणि त्यातले निम्मे तरी पाळण्यातच इंग्रजी शिकून आल्यासारखे बोलत होते. मी महिनाभर आरशापुढे उभी राहून ‘माझे छंद आणि माझे प्रवास’ घोकून आले होते. छंदांत वाचन, संगीत आणि पोहणं होतं. मला पोहता येत नाही. प्रवासात समुद्र आणि डोंगर होते, ते मी मैत्रिणीच्या फोटोंत पाहिले होते. हे सगळं मी धडाधड म्हणून दाखवलं, बाईंनी जांभई दाबली आणि वाचायला हा उतारा दिला. घोकलेलं तिथे संपलं आणि सवय वर आली.

“प्रत्येक वाक्यानंतर अडखळता का?” सरांनी विचारलं. “शब्द कठीण आहेत?”

“नाही सर.”

“मग थांबता कशाला?”

एखादं बरं खोटं सुचलं असतं तर मी नक्की ठोकून दिलं असतं. ऐन वेळी सुचलं नाही. “स्क्रू निघायची वाट बघते,” मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माझा मामा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. घरातली साधी यंत्रं तो डोळे मिटून खोलतो, पण कपड्यांच्या कारखान्यांत नवी, विजेवर धावणारी यंत्रं येऊ लागली आणि प्रत्येकाबरोबर इंग्रजी पुस्तिका. मामाला इंग्रजी अक्षर म्हणजे काळ्या मुंग्या. मी तेव्हा सातवीत होते. आई म्हणाली, “घेऊन जा हिला. घरी नाहीतरी नुसती लोळते.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही बसने निघायचो. मामाच्या खांद्याला हत्यारांची पिशवी आणि माझ्या मांडीवर अंड्यांचा कागदी ट्रे, तीस खळग्यांचा. हा माझा प्रवास. कुठल्या गावाची बस कोणत्या फलाटावर लागते आणि कोणत्या कारखान्यात पंखा नाही, हे मला अजून पाठ आहे.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. मी एक वाक्य आधी इंग्रजीत वाचायचे, मग त्याचा अर्थ सांगायचे.

“मामा, थेट आपल्या भाषेतच सांगते ना. वेळ वाचेल.”

“नको. मशीन त्यांच्याकडचं आहे, त्यालाही कळू दे आपण काय करतोय ते.”

मग मामा तो स्क्रू काढायचा, ट्रेच्या पुढच्या खळग्यात ठेवायचा आणि म्हणायचा, “हं. पुढे, मास्तरीणबाई.” ते ‘हं’ आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. परत जोडताना शेवटच्या खळग्यापासून उलटं यायचं. एकदा मला घरी जायची घाई होती म्हणून मी तीन वाक्यं एका दमात वाचून टाकली. सगळं जोडून झाल्यावर ट्रेत एक स्क्रू उरला. मामाने सगळं यंत्र पुन्हा खोललं, शेवटची बस आमच्यादेखत गेली, आणि कारखान्याच्या ओट्यावर बसून तो एवढंच म्हणाला, “स्क्रू उरला म्हणजे कुठेतरी भोक रिकामं राहिलं.” त्यानंतर मी आयुष्यात वाक्य गिळलं नाही.

मी इंग्रजी शिकले ती अशी. शब्दकोश माझ्याकडे होता, पण पुष्कळदा त्याचा अर्थ एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे. एकदा मी सांगितलं, “सुई पूर्ण वर आली की हूक दोरा पकडतो.” मामाने मान हलवली. “असं असूच शकत नाही. सुई वर यायला लागते ना, तेव्हाच पकडतो. नीट वाच.” मी परत वाचलं. मामा म्हणत होता तसंच लिहिलं होतं. ज्याला इंग्रजीचा गंध नाही अशा माणसाने माझं इंग्रजी सुधारलं, तेही पाना हातात घेऊन. हळूहळू मला त्या पुस्तिकांचा नादच लागला. लोक तिकिटं जमवतात, मी पुस्तिका जमवल्या. घरी माझ्या पलंगाखाली एकेचाळीस साठल्या होत्या.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. इंग्रजीत, आणि एकदाही आरसा आठवला नाही. बाईंनी चष्मा काढून ठेवला होता. सरांनी पेन बाजूला ठेवलं आणि घसा खाकरला.

“आमच्या घरच्या मशीनचा टाका सुटतो. दोन वर्षं झाली.”

“सुई बदलल्यापासून का?”

“हो, बहुतेक.”

“मग उलटी बसवली असेल, सर. सपाट बाजू कुठे हवी ते बघा.” आणि मी ते कसं बघायचं हे वाक्यावाक्याला थांबत सांगितलं. या वेळी सर प्रत्येक वाक्यानंतर मान डोलवत होते.

यादीत दुसरं नाव माझं होतं. आई रडली. मामाला सांगितलं तेव्हा तो बॉबिन साफ करत होता. “छान,” म्हणाला. मग बराच वेळ तेच बॉबिन पुसत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, मी गेल्यावर पुस्तिका वाचणार कोण?

“फोनला वाचायला लावून बघू?” मी विचारलं.

“बघितलं मागे. तो थांबत नाही गं.”

म्हणून जायच्या आधीचा महिना मी त्याच्या फोनमध्ये पुस्तिका बोलून ठेवल्या. आधी त्यांचं, मग आपलं, आणि मग गप्प. मनात बारा अंक मोजायचे. लहानपणापासून तेवढ्यात त्याचं ‘हं’ येत असे. शेवटच्या रविवारी आम्ही एकत्र काम केलं, तेव्हा एक बारीक स्क्रू त्याच्या हातातून दोनदा पडला. “कंपनीवाल्यांनी आटे बारीक केलेत,” तो म्हणाला. मी खाली वाकून स्क्रू शोधून दिला आणि त्याचं म्हणणं खरं मानलं. निघायच्या गडबडीत होते मी.

इथे येऊन तीन आठवडे झाले. वर्गात सगळे भराभर बोलतात, आणि मी थांबत थांबत बोलते. एक शिक्षिका परवा म्हणाल्या, “तुझं एकूण एक वाक्य कळतं.” मी आभार मानले. ते खरं तर दुसऱ्या कुणाला पोचायला हवे होते.

आज दुपारी मामाचा आवाजी निरोप आला. मागे यंत्रांची घरघर होती.

“मास्तरीणबाई, बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? तुझं वाचन एकदम झकास. सगळी मशीनं चालू आहेत.” मग जरा थांबला. “फक्त एक. हल्ली तू जरा पळतेस. चौथ्या स्क्रूपाशी मी असतो, आणि तू सहाव्यावर. मागे येऊन पुन्हा ऐकतो मी, तसं काही अडत नाही. सवड झाली तर बघ.”

मी पळत नव्हते. बारा म्हणजे बाराच मोजले होते. ते बारा मी सातवीत असतानाच्या त्याच्या हातांचे होते. मी निरोप दोनदा ऐकला आणि मला रडू आलं. मग तोंड धुतलं, सामानात कोंबून आणलेल्या पुस्तिकांतली पहिली उघडली आणि फोन समोर ठेवला.

पहिलं वाक्य इंग्रजीत वाचलं. मग आपल्या भाषेत सांगितलं. मग गप्प राहिले. बारा झाले, वीस झाले. खोलीतली मैत्रीण दार उघडून आत आली, माझ्याकडे आणि उघड्या पुस्तकाकडे बघून तिने हळूच विचारलं, “अडलीस का? सांगू?”

मी बोटाने तिला थांब म्हणून खुणावलं. मामाचा स्क्रू अजून निघायचा होता.