क्रेनवाला खाली राहिला

सलग दुसऱ्या दिवशी मैदानावर उड्डाणबंदीचा लाल झेंडा चढला, तेव्हा त्याने कॅम्पर गाडीच्या दाराची बिजागरी काढून परत बसवली. ती मुळात ठीकच होती. मग नळाचा वॉशर झाला, पलंगाखालचा कप्पा झाला. खुर्च्यांच्या सैल पट्ट्या आवळून झाल्या आणि करण्यासारखं काही उरलं नाही, तसा तो दोन कॅम्परांमधल्या गवतात येरझाऱ्या घालू लागला.

"अहो, बसा की जरा," बायको आतून म्हणाली. "शेजारच्यांचा कुत्रासुद्धा तुमच्याकडे बघून दमला."

"वारा पडला पाहिजे गं."

"तुम्ही फिरून पडणार आहे का तो?"

एकतीस वर्षं त्याने क्रेन चालवली होती. वीस-वीस मजली इमारतींच्या डोक्यावर, एका काचेच्या खोपट्यात. सकाळी शिडीने चढायचं ते संध्याकाळीच उतरायचं. कामावरचे लोक त्याला 'वरचे साहेब' म्हणायचे. बायको हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात होती आणि तो विभाग तळघरात होता. "यांचा संसार मधल्या मजल्यावर चालतो," अशी चेष्टा तिच्या मैत्रिणी करायच्या. आता दोघं निवृत्त झाली होती. तिचं बरं चाललं होतं. त्याला मात्र जमिनीवर चैन पडत नव्हती. घरभर पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरायचा, चांगली चाललेली घड्याळं उघडून बसायचा. शेवटी लेकीनेच मार्ग काढला. कॅम्पर भाड्याने घेतली, बलून महोत्सवाची जागा राखून ठेवली आणि दोघांसाठी एक उड्डाण ठरवून दिलं. "बाबांना एकदा वर नेऊन आण," ती आईला म्हणाली, "म्हणजे शांत होतील."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो पाचलाच उठून बाहेर गेला आणि धावत परत आला. "हिरवा! ऊठ, हिरवा लागलाय!"

चहा अर्धा टाकून दोघं मैदानावर पोचली. चहूबाजूंना गवतावर रंगीत कापडं पसरलेली. मोठमोठे पंखे घोंघावत होते आणि कापडं हळूहळू पोट फुगवत उठत होती. त्यांचा बलून पिवळा होता. पायलट चाळिशीची बाई, हवा तापवणाऱ्या बर्नरच्या आवाजावर ओरडून ओरडून घसा बसलेला. तिने उतरताना गुडघे कसे वाकवायचे ते करून दाखवलं, कुठे धरायचं ते सांगितलं.

त्याने बायकोला हात देऊन टोपलीत चढवलं. मग टोपलीच्या भोकात स्वतःचा पाय रोवला, काठ धरला आणि सहज विचारलं, "वळवायचं कशाने?"

"वळवता येत नाही," पायलट म्हणाली.

"म्हणजे?"

"वर जायचं आणि खाली यायचं, एवढंच माझ्या हातात. बाकी वारा नेईल तिकडे."

"आणि ब्रेक?"

ती हसली. तिला वाटलं, हा गंमत करतोय.

त्याने टोपलीत डोकावून पाहिलं. सिलिंडर होते, दोर होते, पण हातात धरायला दांडा नव्हता. एकतीस वर्षं त्याच्या दोन्ही मुठींत दोन दांडे असायचे आणि अख्खा वीस मजल्यांचा पसारा त्या मुठींचं ऐकायचा. दुसरा पाय उचलायचा होता, पण तो उचलेना. त्याने पुन्हा जोर केला. पाय गवतावरच राहिला.

"लवकर करा हं," पायलट म्हणाली, "वारा परत वाढतोय."

तो खाली उतरला. बायकोकडे न बघता म्हणाला, "ये गं, उतर. पुढच्या वर्षी बघू."

ती काठाला धरून उभी होती. जी बाई कधी जत्रेतल्या पाळण्यात बसली नाही, कामासाठीही कधी तळघराच्या वर फारशी गेली नाही, ती आता उतरणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, वर फुगलेल्या पिवळ्या पोटाकडे पाहिलं आणि कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारखी म्हणाली, "मी जाऊन येते."

बर्नर गरजला. टोपली गवतावरून सुटली आणि त्याच्या डोळ्यांसमोर टोपलीचा तळ वर वर गेला.

उतरलेला बलून परत आणायला मागावर जाणारी जीप आपल्या माणसांना घेऊन लगेचच निघून गेली. तो कॅम्परकडे पळाला. बाहेरची शिडी दुमडायची राहिली, खिडकीही उघडीच. पहिल्याच वळणावर मागे कपबश्यांचा खळ्ळकन आवाज झाला. त्याने वळून पाहिलं नाही. एक डोळा रस्त्यावर, एक आभाळात. पिवळा ठिपका झाडांच्या रांगेवरून डावीकडे सरकत होता आणि रस्ता हट्टाने उजवीकडे जात होता.

त्याने बायकोला फोन लावला. घंटा मागच्या पलंगावर वाजली.

"अरे देवा," तो म्हणाला.

लगेच तोच फोन पुन्हा वाजायला लागला. त्याने गाडी कडेला घेतली, उशी भिरकावून फोन शोधला. लेक होती.

"आई कुठेय?"

"वर आहे."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर! फुग्यात."

"आणि तुम्ही?"

"मी गाडीत आहे," तो म्हणाला. "नंतर कर."

पुढे रस्त्याचा दुफाटा आला. मध्ये कालवा होता, बलून कालव्यापलीकडे गेला होता आणि समोरून उगवलेल्या सूर्याने डोळे दिपून आता दिसतही नव्हता. जीपही दिसत नव्हती. तो खाली उतरून उभा राहिला. मग सवयीने त्याची नजर वारा शोधू लागली. वर क्रेनमध्ये असताना तो दर काही मिनिटांनी हेच करायचा. लांब एका भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता. खालचा धूर डावीकडे, वरचा दुसरीकडे. खाली उतरायला लागला की बलून डावीकडे फेकला जाणार. आणि वारा वाढत होता, गवत झोपायला लागलं होतं. आता ती पायलट वर थांबायची नाही.

त्याने डावा रस्ता घेतला. तो कच्चा होता. पूल सापडला, एवढा अरुंद की कॅम्परचा आरसा कठड्याला घासला.

पूल ओलांडला आणि समोरच्या कापलेल्या शेतात पिवळा डोंगर उतरताना दिसला. टोपली एकदा आपटली, उसळली, पुन्हा आपटली आणि आडवी होऊन फरपटत गेली. गाडी तशीच चालू ठेवून तो ढेकळांतून धावला.

आडव्या टोपलीतून आधी पायलट रांगत बाहेर आली, मग ती. कोपरापर्यंत माती, केसांत काड्या. ती हसत होती.

"लागलं का कुठे?"

"नाही हो. गुडघे वाकवले ना."

मग तो चिडला. "फोन का नाही नेलास? जीव टांगणीला लागला होता इथे माझा!"

"तुम्ही न्यायचात का क्रेनवर फोन?"

"तो न्यायला बंदी होती."

"माहीत आहे मला." ती केसांतल्या काड्या काढत म्हणाली. "तळघराला खिडकी नव्हती. वारा सुटलाय असं कुणी पेशंट बोलला, की मी काहीतरी काम काढून वर दारापाशी जायचे. बाहेरची झाडं किती हलतायत ते बघायचं आणि परत खाली. दिवसातून सात-आठ वेळा. डॉक्टरीणबाईंना वाटायचं, मला सिगारेटचं व्यसन आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? वारा काय तुमच्या हातात होता?"

जीप पोचली. सगळ्यांनी मिळून कापडातली हवा दाबून काढली आणि ते एका भल्या मोठ्या पिशवीत कोंबलं. पिशवी बंद होईना, म्हणून पायलटने दोघांना तिच्यावर बसायला सांगितलं. दोघं बसली. बसल्या जागीही त्याचा पाय हलतच होता. तिने हात ठेवून तो थांबवला, हात काढल्यावर पुन्हा हलायला लागला.

"वरून काय दिसलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही. तेवढी पांढरी गाडी. दुफाट्यावर उभे होतात कमरेवर हात ठेवून. मी किती ओरडले, डावीकडे, डावीकडे म्हणून! त्या बिचाऱ्या बाईच्या कानठळ्या बसल्या असतील."

"ऐकू नाही आलं."

"मग वळलात कसे?"

"धूर बघितला," तो म्हणाला आणि भट्टी कुठे आहे, वरचा वारा आणि खालचा वारा वेगळा कसा असतो, हे तिला हातवारे करून सांगायला लागला. एकतीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. आता ती मध्येच अडवून एकेक गोष्ट विचारत होती.