वेशीबाहेरच्या शाळेच्या अक्षता

मी घटिकापात्र आहे. शाळेच्या कोनाड्यातून बोलत आहे, आणि बोलण्यासाठी मला कोणाची अनुज्ञा लागत नाही. आजवर पुष्कळांना बोलण्याची मुदत मीच घालून दिली आहे.

प्रथम नावाविषयी. मला कोणी वाटी म्हणतात, कोणी कटोरी. मी दोन्ही नव्हे. वाटीत पदार्थ राहतो. माझ्यात राहणार नाही, कारण माझ्या तळाशी केसाएवढे छिद्र आहे. इतर भांड्यांना जे व्यंग, ते माझे सारे सामर्थ्य. पाण्याने भरलेल्या घंगाळात मला अलगद सोडले की मी तरंगते. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि नेमक्या क्षणी मी तळ गाठते. तेवढ्या काळाला घटका म्हणतात.

अचलपुरातल्या एका तांबटाने मला घडवले. माझा आकार त्याने लवकर साधला, पण छिद्रासाठी फार खपला. जोशांच्या घरचे जुने पात्र आणि मी, असे आम्हा दोघांना तो एकाच घंगाळात सोडी. मी आधी बुडाले तर छिद्र हातोडीने बारीक करी. मागे राहिले तर सुईने किंचित रुंदावी. आम्ही दोघे एकाच क्षणी बुडालो, तेव्हाच त्याने मला हातावेगळे केले. असा चोख कारागीर लाभल्याचा अभिमान मी कधी लपवला नाही.

तेथून मी कौंडण्यपूरच्या जोशांकडे गेले. ते रुक्मिणीचे माहेर; तिथल्या लग्नांत मुहूर्त चुकवणे कोणालाच परवडत नाही. त्या लग्नांत माझा मान नवरदेवाच्या खालोखाल असे. मला पाण्यात सोडण्यापूर्वी घंगाळाला हळदकुंकू लावत आणि जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर कुंकवाने माखलेले ज्वारीचे चार दाणे ठेवत. त्या अक्षता सर्वांनी मुठीत धरायच्या. मी बुडाले की थाळी वाजे, मुठी उघडत आणि अक्षता वधूवरांवर पडत. त्यानंतर मुलगी काळी की गोरी, घर जवळ की दूर, हे कोणी विचारीत नसे. वऱ्हाडात पडलेल्या अक्षता परत वेचता येत नाहीत.

जोशांचे जावई रंगनाथपंत हे अमरावतीच्या नव्या सरकारी शाळेचे मास्तर झाले. शाळेला घड्याळ मिळणार होते, पण ते वाटेतच कोठे तरी अडकले होते. तेव्हा पंतांनी सासऱ्यांकडून मला मागून घेतले. अशा रीतीने मी लग्नमंडपातून विद्यामंदिरात आले.

विद्यामंदिर हा शब्द पंतांचा. इमारत म्हणजे शहराच्या परकोटाच्या वेशीबाहेर, कापसाच्या गाड्या सुटत त्या मैदानाच्या कडेला उभी असलेली एक लांबट पडवी होती. दारात चिंचेचे झाड आणि आत भिंतीवर पृथ्वीचा नकाशा. मी बुडाले की पाळीचा विद्यार्थी थाळी वाजवी, मला रिकामे करून पुन्हा पाण्यावर ठेवी आणि पुढचा पाठ सुरू होई.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि आमच्या काळ्या मातीतले बोंड एकाएकी साऱ्या जगाला हवे झाले होते. वेचणीसाठी माणूस मिळेना. अशा वेळी धडधाकट मुलगा दिवसभर सावलीत बसवून ठेवणाऱ्या शाळेविषयी लोकांना काय वाटत होते, ते मला पहिल्या आठवड्यातच कळले. पालक दाराशी उभे राहून बोलत, आणि घंगाळ दाराशीच होते.

शाळेला ते ‘शाया’ म्हणत. शाया वेशीबाहेर कशाला, हा पहिला आक्षेप. मास्तर पृथ्वी फिरते म्हणतात, मग विहिरीतले पाणी का सांडत नाही, हा दुसरा. भाजी विकणाऱ्या पार्बताबाईंचे मत मात्र अनुकूल होते, आणि त्याचे कारण त्यांच्यापुरते पक्के होते. त्यांचा मुलगा भगवंत मळ्यात असला की मोटेच्या बैलांशी भांडे; शाळेत तो निदान दुसऱ्याच्या ताब्यात असे. विद्यार्थ्यांची मते आणखी वेगळी होती. कोणाला चिंचेचा लोभ, कोणाला थाळी वाजवण्याचा. विद्येचा लोभ असलेले थोडे होते. ते आपले मत सांगत नसत, फक्त लवकर येत.

त्या थोड्यांत चंद्रभान होता. त्याचे वडील नत्थुजी भातकुलीच्या वाटेवरचे मोठे कास्तकार. संध्याकाळी मुलाला न्यायला ते स्वतः येत, पण उंबरठा ओलांडत नसत. ‘आपलं काय काम अंदर’ असे म्हणून बाहेरच थांबत. मात्र तेथून मान किंचित वाकडी करून ते भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत, आणि चालू लागले की मुलाला रोज एकच गोष्ट विचारीत: ते लढाई कुठी चालू हाय? चंद्रभान वाटेत काठीने धुळीत रेघा ओढून सांगे. पण धुळीतला समुद्र नत्थुजींना पटत नसे. समुद्र म्हणजे बेंबळा नदीच्या पुराहून थोडा मोठा, असा त्यांचा हिशेब होता.

एके दिवशी अकोल्याहून शाळा तपासणारे डिपोटी साहेब बैलांच्या दमणीत बसून आले. साहेब म्हणजे पागोटेवाले, आपल्याच देशाचे, पण घाटावरचे. अकोल्याकडे आगगाडी येऊ घातली होती; सरकारात असा विचार चालला होता की ही शाळा उचलून तिकडेच न्यावी. तत्पूर्वी पालक आणि विद्यार्थी यांचे मत ऐकावे, असा त्यांना हुकूम होता. मावळतीपूर्वी पुढचे गाव गाठायचे असल्याने त्यांनी नियम सांगितला: एक घटका. तेवढ्यात आधी पालकांनी बोलावे, मग विद्यार्थ्यांनी. पात्र बुडाले की सभा संपली.

शाळा अकोल्याला गेली तर सावकारांची आणि अंमलदारांची मुले मागोमाग जाणार होती. चंद्रभान जाणार नव्हता. हे त्याला ठाऊक होते, रंगनाथपंतांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते.

चिंचेखाली मुले मध्यभागी बसली, भोवती पालक. घंगाळ बाहेर आणले. पंत साहेबांच्या कागदांत गुंतले होते, आणि तेवढ्यात पार्बताबाईंच्या हाताने आपली जुनी सवय पुरी केली. घटिका मांडली आणि घंगाळ उघडे कपाळ घेऊन बसले आहे, हे त्यांना पाहवेना. त्यांनी घंगाळाला हळदकुंकू लावले. पदरात बाजारची ज्वारी होती. तिच्यावर उरलेले कुंकू चोळले आणि कडेकडेने फिरून प्रत्येकाच्या हातावर चार चार दाणे ठेवले. कोणी विचारले नाही. घटिका मांडल्यावर हातावर दाणे पडतात आणि मूठ मिटायची असते. इतकेच त्या हातांना माहीत होते. साहेबांना वाटले, काही प्रसाद असावा. त्यांनीही मूठ मिटली.

पंतांनी मला पाण्यावर सोडले.

नत्थुजी आधी उठले. अक्षतांची मूठ तशीच पुढे करून ते शाळेविरुद्ध बोलू लागले.

“साहेब, वावरात बोंडं फुटून राहिली अन् वेचाले माणूस भेटत नाई. माह्या पोट्ट्याचे हात मऊ झाले शायेत बसून. घरी आला का ‘मले’ सोडून ‘मला भूक लागली’ म्हनते. त्याच्या मायले वाटते, कोनाचं तरी पोट्टं पाहुनं आलं.”

लोक हसले. नत्थुजी हसले नाहीत. शाळा अकोल्यास खुशाल न्यावी, आपल्याला तिचे ओझे नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्यामागून परकोटाच्या आत राहणारे वृद्ध जानराव पाटील उठले. शाळा वाईट नाही, पण वेशीच्या आत असती तर बरे, एवढेच सांगण्यासाठी त्यांनी वेशीच्या बांधकामापासून प्रारंभ केला. मग आणखी दोघे उठले. पार्बताबाईंनी भगवंताची आणि बैलांची हकीकत सांगितली. माझ्यात पाणी चढत होते. पाऊण पात्र भरले तेव्हा कोठे साहेबांना विद्यार्थ्यांची आठवण झाली.

त्यांनी भगवंतास विचारले, मास्तर कसे आहेत?

“चांगले हायत जी,” तो म्हणाला. “छडी ठेवतेत, पन कुठी ठेवली ते इसरतेत.”

रंगनाथपंत घंगाळाकडे पाहू लागले. साहेब हसू आवरेपर्यंत माझा काठ पाण्याला टेकायला आला होता. तेव्हा चंद्रभान उभा राहिला.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या मुलासाठी क्षणभर जास्त तरंगावे, असे मला वाटले. मी तरंगले नाही. एकासाठी थांबणारे पात्र दुसऱ्यासाठी घाई करील, आणि मग त्याला वाटी म्हणणेच योग्य ठरेल. जे बोलायचे ते त्याला माझ्या उरलेल्या काठात बसवावे लागणार होते.

तो साहेबांशी बोललाच नाही. वडिलांकडे वळला.

“बाबा, मी वेचनीले येतो. नाई म्हनलं का कधी? पन तुमी रोज इचारता, लढाई कुठी चालू हाय. ते त्या भितीवर हाय. शाया अकोल्याले नेली तं भित बी गेली. मंग मी तुमाले कुठून सांगू?”

नत्थुजींनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि मी बुडाले.

पाळीच्या मुलाने थाळी वाजवली. त्या नादासरशी चिंचेखालच्या साऱ्या मुठी वर गेल्या आणि उघडल्या. लाल दाणे मुलांच्या टोप्यांवर, पाट्यांवर, साहेबांच्या कागदांवर पडले. नत्थुजींची मूठ सर्वांत पुढे होती. तीही उघडली, आणि तिच्यातले दाणे नेमके चंद्रभानाच्या डोक्यावर पडले.

मग सगळे आपापल्या हातांकडे पाहू लागले. आपण काय केले, हे हातांनंतर डोक्यांना उमगत होते.

“हे काय?” साहेबांनी विचारले.

जानराव पाटलांनी घसा साफ केला. “लागलं, साहेब,” ते म्हणाले. “आता मोडता येत नाई.”

“मी तं नाई म्हनत होतो,” नत्थुजी म्हणाले.

“मंग टाकल्या काहून?”

“हात सुटला.”

“लग्नात बी हातच सुटते, नत्थुजी. पोट्टं शायेले देल्लं तुमी. आता व्याही झाले मास्तर तुमचे.”

यावर जो हशा पिकला त्यात साहेबही सापडले. घाटावरचे असले तरी अक्षतांचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. पण नत्थुजी आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहत उभे होते, आणि हशा त्यांच्यापाशी येऊन थांबला. रंगनाथपंत पुढे झाले. ते शब्दांचे फार काटेकोर, पण त्या दिवशी त्यांनी सोपाच शब्द निवडला. “व्याहीबुवा,” ते म्हणाले, “तुमचा मान काय तो सांगा.”

नत्थुजींनी थोडा विचार केला. वरबापाने मागण्या मांडाव्यात तशा सावकाश मांडल्या. वेचणीच्या दिवसांत शाळा सकाळची असावी. दुपारपासून मुलगा वावरात हवा. पंतांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी मान डोलावली.

“अन् दुसरं,” नत्थुजी म्हणाले, “ते भित मले दाखवा.”

त्यांनी वहाणा काढल्या आणि उंबरठा ओलांडला. चंद्रभान पुढे, ते मागे. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिल्यावर त्यांनी निळ्या भागावर आपला रुंद अंगठा टेकवला. अंगठ्याने तो झाकेना. त्यांनी सारा तळहात ठेवला. तरी झाकेना.

“यवढं पानी?” ते म्हणाले. “अन् आपला कापूस याच्यातून जाते?”

“जाते, बाबा.”

“मंग बसत जाय रोज,” नत्थुजी म्हणाले. “मी बी येत जाईन.”

साहेबांनी वर काय कळवले ते मी वाचलेले नाही. शाळा मात्र हलली नाही.

यास आता काही वर्षे झाली. समुद्रापलीकडची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, मैदानातल्या गाड्यांची गर्दी ओसरली. शाळेतली मुले कमी झाली नाहीत. चंद्रभान पुढील शिक्षणासाठी अकोल्यास गेला आहे. त्याच्या धाकट्या भावाला नत्थुजींनी स्वतः आणून बसवले, आणि पृथ्वी फिरते तरी विहीर का सांडत नाही, हे आता ते दाराशी उभ्या असलेल्या इतरांना समजावून सांगतात. चुकीचे सांगतात, पण आत उभे राहून सांगतात.

अडकलेले घड्याळही अखेर आले. ते भिंतीवर टिकटिक करते, आणि तांबटाच्या हातचे नसूनही बरे चालते. मी कोनाड्यात असते. वर्षातून एकदा, ज्येष्ठात नवी मुले येतात तेव्हा, चिंचेखाली घंगाळ मांडतात. पार्बताबाई हळदकुंकू लावतात, ज्वारी वाटतात, आणि पालक आपापले म्हणणे मांडतात. तक्रारी दरवर्षी असतात, आणि त्या असाव्यात. पण तोवर मुठी मिटलेल्या असतात, आणि शेवटी त्या उघडतात.

वाचकहो, माझी मागणी एवढीच. घड्याळ आले म्हणून मला कायमचे कोरडे ठेवू नका. वर्षातून एकदा मला पाण्यावर सोडा, आणि मी बुडेपर्यंत मुलांना बोलू द्या. आरंभीच बोलू द्या; त्या वर्षी चंद्रभानाच्या वाट्याला माझा नुसता काठ आला होता.