नळीवरची चिठ्ठी

मुलाखतीची तयारी म्हणजे पाठांतर, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. आमच्या या गृहस्थांचाही होता. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं राबलेला माणूस! प्रयोगशाळा बंद पडली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तो आरशासमोर उभा राहून पोपटासारखा घोकू लागला, "माझं एका सहकाऱ्याशी पटत नव्हतं. मी त्याला चहाला नेलं. त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं..."

हा सहकारी त्याच्या आयुष्यात कधी नव्हताच. तो एका शिकवणीच्या निळ्या पुस्तिकेतला होता. कामातला अवघड प्रसंग विचारला की चहा सांगायचा. चूक विचारली की 'मी कामात इतका बुडतो की घरी जायचं भान राहत नाही' म्हणायचं. चार ठिकाणी त्याने हेच सांगितलं. चारही ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं नाही.

पाचव्या ठिकाणी त्याने सहकाऱ्याचा विषय काढताच टेबलापलीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही त्याला चहाला नेलंत, हो ना? सकाळपासून चौघांनी नेलंय." शेजारचे दोघे हसले. हा बिचारा लाजेने अर्धमेला झाला.

घरी आल्यावर त्याने हे ताईला सांगितलं. थोरली बहीण रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. निवृत्त होईपर्यंत नव्या मुलींच्या मुलाखती तीच घ्यायची. ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग तिने त्याला समोर बसवलं.

"अरे, त्यांना तुझा चांगुलपणा ऐकायचा नसतो. अडचण आली की तू काय करतोस, एवढंच बघायचं असतं. कुठे होतास, काय बिनसलं, तू स्वतः काय केलंस, पुढे काय झालं. संपलं! आणि सारखं 'आम्ही केलं, आम्ही केलं' म्हणू नकोस. नोकरी तुला हवीय ना?"

"माझ्याकडे सांगण्यासारखं आहे तरी काय?"

"प्रयोगशाळेतल्या त्या आजींच्या रक्ताच्या नळीचं सांग."

तो ताडकन उभा राहिला. "वेड लागलंय का तुला? ते ऐकून मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत!"

"आणि चहा पाजून कोणी केलं?"

तो पुन्हा खाली बसला.

सहावी मुलाखत, एका दुसऱ्या प्रयोगशाळेतली, शेवटचीच होती. पुढच्या महिन्यात त्याला पन्नास पूर्ण होणार होती आणि त्यानंतर कोणी अर्जसुद्धा घेणार नव्हतं. जागा एकच. बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती. मांडीवर तीच निळी पुस्तिका, ओठांवर तोच चहा. त्याने ओळखलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही. एकच तर जागा होती!

आत त्याला चूक विचारली गेली. तो खरं तेच बोलला. "दोघांचं रक्त घेतलं आणि नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मी नंतर टेबलावर जाऊन लावल्या. गप्पा मारत होतो. अदलाबदल झाली. एका आजींना साखर नव्हती, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी नोंदी पडताळताना माझ्या लक्षात आलं. कोणालाच कळलं नसतं. मी डॉक्टरांना फोन केला, आजींच्या घरी गेलो, गोळ्या थांबवल्या, त्यांची माफी मागितली. दुसऱ्या माणसालाही शोधून बोलावलं, दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. त्या दिवसापासून आमच्याकडे चिठ्ठी रुग्णासमोरच लागायची."

"हे आम्हाला का सांगितलंत?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून."

बाहेर आला तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी मोकळं वाटत होतं. मुलीने घाबरून विचारलं, "काका, अवघड विचारतात का हो?" तो क्षणभर घुटमळला. मग तिच्या शेजारी बसला. "ते पुस्तक मिटव बघू. चहा नको सांगूस. तुझ्या हातून खरंच काय चुकलं आणि मग तू काय केलंस, ते सांग."

दुपारी दारावर यादी लागली. तिच्यावर एकच नाव होतं, त्या मुलीचं.

कारकून हळूच म्हणाला, "तुमचं उत्तर साहेबांना फार आवडलं होतं. पण वय आड आलं. तरुणच घ्यायचं, असं आधीच ठरलं होतं." म्हणजे त्याचा निकाल तो दारात पाऊल टाकण्याआधीच लागला होता! त्याला रडू आलं, ते त्याने गिळलं.

मुलगी समोर येऊन उभी राहिली. तोच आधी बोलला. "चिठ्ठी रुग्णासमोर लावायची. नाव त्यालाच विचारायचं. त्या वेळी गप्पा नाहीत, कळलं?"

"हो, काका."

वाचकहो, खरं बोललं की नोकरी मिळतेच, असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याला ती मिळाली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जो समाज माणसाला आधी खरं विचारतो आणि मग त्याचं वय मोजतो, त्याचा तुम्हीआम्हीही भागच आहोत. पण आपली चूक लपवली तर ती दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्याच्या हातून पुन्हा होते. सांगितली, तर कुणीतरी तिच्यातून वाचतं. म्हणून उसनी उत्तरं घोकू नका, आणि कोणाला घोकायला लावू नका!

तो घरीच आहे. पण त्या मुलीच्या प्रयोगशाळेत आज कुठल्याही आजींची नळी चिठ्ठीशिवाय टेबलापर्यंत जात नाही.