नावनाही वार्सिती

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. जुना म्हणजे तुमच्या डोंगरांहूनही जुना. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात माझ्यासारखे लाखो लघुग्रह फिरतात, पण नाव असलेले थोडेच. त्या थोड्यांत मी आहे. याचा मला ताठा आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझे नाव जावा बेटावरच्या एका वेधशाळेतून आले. तिथे बू वार्सिती (तिकडे बाईंना मानाने 'बू' म्हणतात) तीस वर्षे आकाशाचे फोटो उतरवलेल्या काचा पुसत आणि भिंगातून एकेक ठिपका मोजत. दमट हवेने काचांवर बुरशी चढे. मी एकदा सापडून पुन्हा हरवलो होतो. दोघा विद्वानांनी मला बुरशीचा डाग समजून सोडून दिले, पण बूंनी मला बरोबर ओळखले.

तिकडच्या पुष्कळ माणसांसारखे त्यांना एकच नाव, आडनाव नाहीच. परदेशातल्या एका परिषदेच्या अर्जात त्यांनी 'वार्सिती' आडनावाच्या रकान्यात लिहिले आणि पहिल्या नावाचा रकाना रिकामा सोडला. छातीवरच्या बिल्ल्यावर छापून आले, 'नावनाही वार्सिती'. सगळे हसले, त्याही हसल्या. बिल्ला मात्र त्यांनी जपून ठेवला.

त्या निवृत्त झाल्यावर मला त्यांचे नाव द्यायचे ठरले. अर्ज त्यांचा शिष्य दादांग लिहीत होता. एकटे नाव उघडेबोडके दिसेल म्हणून त्याने मागे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे नाव जोडले. एकदा मंजूर झालेले नाव सहसा बदलत नाही. माझा जीव टांगणीला लागला.

बूंनी अर्ज वाचला आणि आल्याच्या काढ्याचा पेला खाली ठेवला.

"दादांग, हार्योनो माणूस सोन्यासारखा होता. पण जन्मात त्याने भिंगाला डोळा लावला नाही. त्याला कशाला वर पाठवतोस?"

"बू, एकच नाव लोकांना अर्धवट वाटतं हो."

"आईनं ठेवलं तेव्हा ते पुरतं होतं, बाळा."

दादांगने हार्योनो खोडले. मग नियम वाचताना त्याला दिसले की लघुग्रहाचे नाव शक्यतो एकाच शब्दाचे असावे. तो खजील झाला.

"बघ," बू म्हणाल्या, "जमिनीवर कुठल्या अर्जात बसले नाही, ती मी वर आकाशात नेमकी बसले."

मित्रांनो, कुणाचे नाव घ्याल तर आहे तसे घ्या. लहान वाटले म्हणून त्याला शेपूट लावू नका.

नाव मंजूर झाल्याचे पत्र आले, त्या दिवशी बूंनी तो जुना बिल्ला काढला. आम्हा लघुग्रहांच्या नावाआधी आमचा क्रमांक लिहितात. त्यांनी 'नावनाही' खोडले आणि तिथे माझा क्रमांक लिहिला.