उताण्या साली

त्या जागेला आता निसर्गदर्शन स्थळ म्हणतात. वाहनतळ आहे, कठडा आहे, सूर्यास्ताचे छायाचित्र कोठून घ्यावे हे सांगणारा बाण आहे. माझ्या लहानपणी जूनअखेरीस येथे आमचा तळ पडे. मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या फांद्यांचा मांडव, चुलीवर पत्र्याचे डबे, आणि सग्वारो निवडुंगाच्या फळांचा रस काकवीसारखा दाटू लागला की सुटणारा गोड, किंचित करपट वास. आई आणि फिलोमिना मावशी आपापल्या नवऱ्यांच्या नकला करीत आणि हसून लोळत. आता आई नाही. मांडवाच्या जागी बाक आहे.

माहितीफलकाच्या सावलीत मावशी फळे सोलत बसली होती.

"काय लिहिलंय गं, डॉक्टरीणबाई?"

"एके काळी इथं ओ'ओधम लोक फळं गोळा करायचे, असं."

"म्हणजे मेलो की आपण! मग टोपली तू उचल. मेलेल्या बाईला कशाला ओझं?"

मी आकडीने फळे पाडत होते. प्रत्येक फळातला गर काढून घेतला की मावशी साल, आई ज्याच्याखाली बसे त्या जुन्या सग्वारोच्या मुळाशी उताणी ठेवी, लाल बाजू आभाळाकडे. ते लाल पाहून ढग येतात.

"पुढल्या वर्षी हे गुडघे मला इथवर आणायचे नाहीत," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या सग्वारोपाशी यंदाचा पाऊस बोलावून जाऊ दे."

पाणी प्यायला आम्ही गाडीपाशी गेलो. परतलो तेव्हा मुळाशी एकही साल नव्हती. उद्यानाचा एक स्वयंसेवक, साठीचा, गोरा, अत्यंत सुशील, पिशवीचे तोंड बांधत होता.

"कचरा राहिला होता, आजी. निसर्ग जपायला हवा ना."

"कुणापासून?" मी विचारले. माझी डॉक्टरकी इतिहासातली; माझ्यापाशी त्याच्यासाठी दोन शतकांचा इतिहास सिद्ध होता, तळटीपांसह.

"तू गप बस," मावशी म्हणाली. "तुझं आटपेपर्यंत पावसाळा सरेल. बाळा, ओत ती पिशवी. पाऊस आहे त्यात आमचा."

बाळ लाल झाला. त्याने पिशवी ओतली. वाळूत लडबडलेला, पालथा ढीग. कठड्यापाशी कोणीतरी कॅमेरा काढला. मावशी माझ्या खांद्याचा आधार घेऊन जमिनीवर बसली, मीही बसले. एकेक साल उलथू लागलो. तोही ओणवा झाला आणि चुकीची बाजू वर ठेवू लागला.

"अरे, आभाळाला पाठ दाखवतोस होय? तोंड वर कर तिचं!"

त्याने केले. मी त्याला क्षमा केली नाही; चांगुलपणाने केलेल्या पुसापुशीचा मला अधिक संताप येतो. मावशीचे माझ्याकडे लक्षच नव्हते. शेवटची साल तिने घागऱ्याला पुसली, आई बसायची त्या बाजूला उताणी ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता उठवा मला, दोघं मिळून."