अंगठ्याखालचं पाणी

बाबांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मागच्या खोलीत यंत्रावर तयार व्हायचं. आधी ते काम धाकट्या काकाकडे होतं. काका नळाचं पाणी मिसळतो, असा बाबांनी ठपका ठेवला, भावाभावांत वाजलं आणि काका जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. आता यंत्र लेकीच्या हाती होतं आणि तिच्यावरही तोच ठपका आला होता.

"अजून एकदा परीक्षेत पाणी दुधाळ झालं की यंत्र भंगारात," बाबांनी बजावलं. लेकीचा सगळा जीव त्या यंत्रात!

परीक्षा तशी साधी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, सिल्व्हर नायट्रेट या औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि हलवायचं. नळाच्या पाण्यात थोडं मीठ असतंच; विरघळलेलं असल्याने ते साळसूदासारखं लपून बसतं, दिसत नाही. पण औषधातली चांदी त्याला बरोबर गाठते आणि दोघांचं मिळून असं काही बनतं की ते विरघळायला साफ नकार देतं. नळीत पांढरा धूर उठतो आणि पाणी दुधाळ होतं. हे बघायला लेकीला भारी आवडायचं.

पण तिने मागच्या खोलीत तपासलेलं पाणी निवळशंख राहायचं आणि तेच बाबांनी पुढे दुकानात तपासलं की दुधाळ. खोलीतून दुकानात येईतो मीठ शिरतं कुठून? तिने नळ्या बदलल्या, कॅन बदलले. शेवटी बाबांच्या समोरच ठाण मांडून बसली.

बाबांनी खिशातले खारे दाणे तोंडात टाकले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ती खळखळ हलवली.

"बघ! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

लेक मात्र अंगठा बघत होती. त्यावरचे काळे डाग ती लहानपणापासून पाहत आली होती. हे औषध कातडीला लागलं की असाच डाग पडतो. म्हणजे औषध अंगठ्याला लागतं. मग अंगठ्यावरचं मीठ पाण्याला लागत नसेल कशावरून?

"बाबा, तुम्ही स्वतः काढलेलं पाणी कधी तपासलंत?"

"माझ्या पाण्याला काय धाड भरलीय?"

फळीवर काका गेल्यावर त्यांनीच भरलेला जुना कॅन होता. तिने त्यातलं पाणी दोन नळ्यांत घेतलं, दोन्हींत थेंब टाकले. एकीला रबरी बूच लावून स्वतः हलवली, दुसरी बाबांना दिली.

बुचाची नळी स्वच्छ. अंगठ्याची दुधाळ.

"परत घे," बाबा गुरगुरले. परत तेच झालं. मग त्यांनी हात साबणाने खसाखसा धुतले, पुसले आणि मुकाट्याने बूच लावून लेकीच्या पाण्याची नळी हलवली. पाणी निवळशंख.

लेकीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. पण बाबा अंगठा निरखत खाली बसले होते.

"तुझा काकाही बूचच लावायचा," ते म्हणाले. "मी म्हणायचो, नखरे."

मग त्यांनी स्वतःच फोन उचलून नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागताच घाईघाईने तो लेकीच्या हातात कोंबला.

"आधी तू बोल. माझा आवाज ऐकला तर ठेवून देईल."